तुम्हाला सोडून सगळ्यांना

बाई, तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. उस्मानपुऱ्यातल्या आपल्या छापखान्याच्या जागी आता मोबाईलची दुकानं आहेत, ओळीनं तीन, आणि तुमचं टेबल होतं तिथं चार्जर टांगलेले असतात. त्या रस्त्यानं जाताना मी तिकडं बघत नाही असं नाही, बघते, पण थांबत नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुमच्यासमोर मी बारा वर्षं उभी होते, रोज आठ तास, आणि तेवढ्या एका गोष्टीबाबत तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. बाकी बडबडीला काही कमी नव्हती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज लिहायला बसले तर पहिल्याच ओळीत तीनदा खाडाखोड झाली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आधी साफ प्रूफ दे पोरी, मग काय ते बोल."

मी फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातली, कशीबशी दहावी पास झालेली, लग्न होऊन उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आलेली. नवरा कारखान्यात पाळीवर जायचा. छापखाना घरापासून हाकेच्या अंतरावर आणि मालक बाईमाणूस, म्हणून सासूबाईंनी कामाला जाऊ दिलं. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात शिशाचे खिळे दिलेत, एकेक अक्षर, तेही उलटं, आणि म्हणालात, वाच. मला घाम फुटला. तुम्ही हसलात. म्हणालात, "भिऊ नको. मी शाळा शिकले निजामाच्या राज्यात, उर्दूत, उजवीकडून डावीकडं. पुलिस अ‍ॅक्शन झाली, मालकांनी हा छापखाना टाकला, तवा मराठी शिकले ती ह्या खिळ्यांवरून. सरळ अक्षर मला नंतर आलं, उलटं आधी." तुमचे मालक वारल्यावर लोकांनी तुम्हाला छापखाना विकायचा सल्ला दिला होता, तो तुम्ही ऐकला नाहीत. मी आले तेव्हा तुम्ही पन्नाशीच्या अलीकडे होतात. पांढरी नाही, पण फिक्या रंगाची सुती साडी, कपाळ मोकळं, बोटं काळी, आणि आवाज असा की छपाईचं ट्रेडल मशीन चालू असतानाही मागच्या खोलीत ऐकू यायचा.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात. मी खिळे जुळवता जुळवता ओटीतले शेंगदाणे खात होते. "हात धुतल्याबिगर तोंडात काय घालायचं नाय! शिसं हाय ते, साखर नाय." तेव्हापासून दुपारी दोनदा साबणानं हात धुणं आणि वर गुळाचा खडा खाणं, हा तुमचा कायदा. शिसं गुळानं उतरतं असं तुम्ही म्हणायचात. खरं-खोटं देव जाणे. आम्ही बाया पाठीमागं तुमची नक्कल करायचो, कंबरेवर हात ठेवून, "शिसं हाय ते!" मला वाटायचं, बाईंना स्वच्छतेचं खूळ आहे. एकट्या बाईला काहीतरी खूळ लागायचंच, असंही मी एकदा म्हणाले होते. जीभ उचलायची आणि टाळ्याला लावायची, दुसरं काय.

मग लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. आमच्याकडं रीत अशी की तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरायची. दार लावून, घरातल्या दोघी-तिघींनी, हळद-कुंकू, तांदूळ, खोबऱ्याची वाटी. नावातच चोर आहे, म्हणजे बाहेर कुणाला कळता कामा नये. पोट कोवळं असतं, नजर पटकन लागते. सासूबाईंनी ओटी भरली, माझ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "आता पाचवा सरेस्तोवर कुणापाशी बोलायचं नाय. अन् त्या छापखानेवालीला तर बाळंत व्हईस्तोवर कळू द्यायचं नाय. कपाळ रिकामं, कूस रिकामी. तिची नजर लागली म्हंजे काय करशील?" मी मान डोलावली. सासूबाईंवर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं, बाई, आणि कितीतरी वर्षं मी तसं मनातल्या मनात करूनही पाहिलं. पण त्या बोलल्या नसत्या तरी मला ते सुचलंच असतं. मी त्याच मातीतली. माझ्या आईनंही गाभण म्हशीला गोणपाट बांधून झाकलं होतं, गल्लीतली एक बाई दारावरून जायची म्हणून. मला तुमची भीती वाटत होती. तुमच्या ओरडण्याची नव्हे, त्याची सवय झाली होती. तुम्ही प्रेमानं बघाल, त्याची.

आणि तरी सांगायला तर हवंच होतं. पोट काही झाकून राहणारी वस्तू नाही. मी दिवस ठरवायची. सोमवारी सांगू. सोमवारी तुम्ही स्वतःहून विचारायचात, "तोंड का उतरलंय गं?" आणि माझी दातखीळ बसायची. मग म्हणायची, लगीनसराई उरकू दे, पत्रिकांची घाई आहे. मग, अमावस्या जाऊ दे. मग, पाचवा लागू दे. शाईचा आणि रॉकेलचा वास आला की पोटात ढवळायचं. मी मागं मोरीपाशी पळायची आणि येऊन म्हणायची, पित्त झालंय. तुम्ही आधी आवळकाठी आणून दिलीत. त्यानं उतार पडेना तेव्हा भर दुपारी, उन्हाचं, शहागंजपर्यंत चालत जाऊन तुमच्या ओळखीच्या हकीमाकडून चूर्णाची पुडी आणलीत. "दोन टाइम घे, कोमट पाण्यात. हयगय करू नको, माझ्या मालकांचं असंच पित्त म्हणता म्हणता वाढलं व्हतं." तुमच्या पाठीवर साडी घामानं चिकटली होती. मी पुडी घेतली आणि घरी जाताना वाटेतल्या नालीत टाकली. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, बरं वाटतंय का. मी म्हणाले, लई बरं वाटतंय. तुम्ही इतक्या खूश झालात की हकीमाला सांगावा धाडलात.

बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. सोयगावकडची एक मावशी आपल्याकडं बाइंडिंगला होती, तिला मी तिसऱ्यातच सांगितलं होतं, कारण तिला पाच लेकरं. मशीनवाल्याला त्याच्या बायकोकडून कळलं. कागद आणून टाकणाऱ्या गाडीवाल्यालासुद्धा माहीत होतं, तो मला रिमं उचलू द्यायचा नाही. सगळा छापखाना तुमच्याभोवती दोन महिने गप्प राहून काम करत होता. आणि गंमत म्हणजे, आम्ही एकमेकींना कारणही कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

पाचवा सरत आला होता. त्या दिवशी मशीनवाला आला नव्हता आणि एका सोसायटीचा अहवाल संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. जुळवून बांधलेला फर्मा टेबलावरून मशीनवर न्यायचा, म्हणजे दोन पानांचं शिसं लोखंडी चौकटीत कसलेलं, दोघांनी धरावं लागतं. तुम्ही एका बाजूनं धरलंत आणि म्हणालात, "चल, धर तिकडून." मी उभीच. तुम्ही पुन्हा म्हणालात. मी पुढं झाले, चौकटीला हात लावला, आणि मागून मावशी ओरडली, "अहो बाई, तिला नका उचलू देऊ! पाचवा सरत आलाय तिचा!"

तुम्ही चौकट टेबलावर टेकवलीत. मला अजून दिसतंय, तुम्ही आधी माझ्याकडं नाही बघितलंत, मावशीकडं बघितलंत, मग कागदाच्या घड्या घालणाऱ्या दोघींकडं, मग दारात उभ्या असलेल्या गाडीवाल्याकडं. एकेकाच्या चेहऱ्यावर तुम्ही थांबलात. कुणालाही नवल वाटलेलं नव्हतं, हे तुमच्या ध्यानात आलं. "ह्या समद्यांना ठाऊक व्हतं?" तुम्ही विचारलंत. "व्हय का नाय, बोला की." मावशी खालमानेनं पुठ्ठ्याला खळ लावत राहिली.

तुम्ही मला आतल्या खोलीत नेलंत, कागदाच्या रिमांवर बसवलंत. मला वाटलं आता ओरडणार. तुम्ही माझे हात हातात घेतलेत, उलटे केलेत, बोटांची पेरं बघितलीत. काळी होती. मग मोरीवर नेऊन साबण लावून ते हात तुम्ही स्वतः घासलेत, नखांत, पेरांच्या रेघांत, दुखेपर्यंत घासलेत. आणि घासता घासता बोललात. इतकं सलग तुम्हाला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "माझे दोन गेले. दोन्ही येळेला ह्याच खिळ्यांपाशी उभी व्हते. खिळ्यानं गेले का नशिबानं, ते कुणी सांगितलं नाय. दुसऱ्या खेपेला दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणली, शिशाचं काम करतेस अन् आधी बोलली नाहीस? मला ठाऊकच नव्हतं, बोलणार काय? पण तुझ्यापाशी मी व्हते ना पोरी. तू नुसतं सांगायचं व्हतंस. त्याच दिवशी तुला प्रुफावर बसवली असती. पाच महिने तू शिसं हाताळलंस, माझ्या डोळ्यांदेखत, अन् मी तुला आवळकाठी चारत बसले."

मला रडू आलं. तुम्ही पदरानं माझे हात पुसलेत आणि विचारलंत, "मला कामून नाय सांगितलं? मी काय वाघ हाय?"

तेव्हा खरं सांगायचं होतं, बाई. खरं कसं सांगतात ते मला माहीत नव्हतं. तुमच्या तोंडावर, तुमचे दोन गेले हे आत्ताच ऐकल्यावर, मी काय म्हणणार होते? मी जे पहिलं सापडलं ते उचललं. "काम जाईल असं वाटलं." ते पटण्यासारखं होतं. बाळंतपणाची रजा सरकारी हापिसातल्या बायांची. आपल्यासारख्या छापखान्यात बाई पोटुशी झाली की आपणच घरी बसायची. पण तुम्ही कुणाला कधी काढलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

तुम्ही साबण जागेवर ठेवलात. मग म्हणालात, "तुला असं वाटावं असं मी कधी वागले का?" मी खाली बघत राहिले. "मग चूक माझीच हाय," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी आले तर तुमची खुर्ची, गादीसकट, प्रूफ वाचायच्या टेबलापाशी लावलेली होती, आणि तुम्ही माझ्या जागेवर उभं राहून अक्षरं जुळवत होतात.

तुम्ही काय जुळवत होतात ते संध्याकाळी कळलं. पोस्टरांसाठी लाकडी मोठी अक्षरं होती आपल्याकडं, ती काढून तुम्ही एक पाटी छापलीत, पुठ्ठ्यावर डकवलीत आणि मोरीच्या वर, जिथं प्रत्येकीला हात धुवायला जावंच लागतं, तिथं दोरीनं टांगलीत. "बायांनी दिवस राहिल्यास लगेच सांगावे. खिळ्यांचे काम बंद होईल. नोकरी बंद होणार नाही." गिऱ्हाईकं वाचून हसायची. एक मास्तर म्हणाले, अहो, हे असं भिंतीवर लिहितात का? तुम्ही म्हणालात, "तोंडी ठेवलं व्हतं, तर एकीला ऐकू नाय गेलं." माझ्या खोट्याची तुम्ही पाटी केलीत, आणि मी ती दहा वर्षं रोज दोनदा हात धुताना वाचली. माझ्यामागून ज्या चौघी-पाचजणी पोटुशा झाल्या त्यांनी सगळ्यांनी तुम्हाला आधी सांगितलं, नवऱ्याच्याही आधी, असं एक जण म्हणायची. त्यांना तुम्ही खुर्ची दिलीत, दूध सुरू केलंत, पुन्हा कामावर घेतलंत. माझ्यामुळं एक चांगली गोष्ट झाली असं कुणी म्हणेल. मला ते कधी म्हणता आलं नाही.

मुलगी झाली. लहानखुरी होती, पण धडधाकट. बारशाला तुम्हाला बोलावलं नाही. निरोप पोचला नसेल, असं मी मावशीकरवी कळवलं, म्हणजे आणखी एक खोटं. दोन महिन्यांनी एका रविवारी तुम्ही आपल्या आपणच आलात. हिमरूच्या कापडाच्या तुकड्याचं टोपडं शिवून आणलं होतंत, आतून जुन्या धोतराचं मऊ अस्तर, म्हणजे टाळूला टोचू नये. सासूबाई चुलीपाशी. त्यांनी या-बसा म्हटलं, पण पदर नीट करत मुलीच्या आणि तुमच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही दाराशीच बसलात. मुलगी जागी होती, तुमच्याकडं टुकुटुकु बघत होती. तुमचे हात थोडे पुढं आले, आणि तुम्ही ते मागं घेतलेत. म्हणालात, "दुरूनच बघते. माझ्या हातांना शिसं असतंय."

रविवार होता, बाई. छापखाना बंद होता. तुमचे हात मला दिसत होते, धुऊन धुऊन सुरकुतलेले, नखं स्वच्छ. त्या क्षणी मला कळलं की तुम्हाला सगळं कळलंय. कधी कळलं ते मला माहीत नाही. कदाचित तिथंच, दारात. कदाचित पाटी टांगली त्याच्याही आधी, सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून. नुसतं "घ्या ना" एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी सासूबाईंच्या पाठीकडं बघत राहिले. तुम्ही चहा घेतलात, टोपडं खाली ठेवलंत, निघालात. तुम्ही गल्लीच्या वळणावर पोचला नसाल, तोवर सासूबाईंनी मीठ-मोहरी घेतली, आणि मुलीला त्यांच्यापुढं धरलं होतं मी.

त्यानंतर आपण दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. मी बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात कामावर आले, तुम्ही मुलीची विचारपूस करायचात, दर दिवाळीला तिला पुस्तक द्यायचात, माझ्या हातात, तिच्या नव्हे. शेवटच्या आजारपणात तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी पेज घेऊन यायची. एकदा सगळं ओठांपर्यंत आलं होतं. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "त्या पाटीची दोरी जीर्ण झालीया. बदल, नायतर पडंल." मी हो म्हणाले आणि दोरी बदलायला गेले. त्यानंतर तुम्ही चार दिवस होतात, पण बोलण्यासारखं नव्हतं.

मुलगी मोठी झाली, इंजिनिअर झाली, पुण्याला कंपनीत लागली, लग्न झालं. आणि नऊ वर्षं तिला मूल झालं नाही. डॉक्टर म्हणाले शिशाचा वगैरे संबंध लावू नका, मीही लावला नाही, असं लोकांना सांगते. तिच्या चुलत जावेच्या डोहाळजेवणाला आम्ही दोघी जावयांबरोबर गेलो होतो. बाया ओळीनं ओटी भरत होत्या. हिची पाळी आली तेव्हा एकीनं ताट हलकेच पुढच्या बाईकडं सरकवलं, आणि झोपाळ्यावर बसलेल्या त्या पोरीनं पदर पोटावर ओढून घेतला. माझ्या मुलीचे हात पुढं आले होते, ते तिनं मागं घेतले आणि पाण्याचा तांब्या उचलायचं निमित्त केलं. मी तिथं भांडले. भरल्या घरात त्या बायांना असं फैलावर घेतलं की जावई मला बाहेर घेऊन आले. परत येताना गाडीत मुलगी झोपली, आणि मला तुमची आठवण येऊन इतकी लाज वाटली की मी खिडकीकडं तोंड करून बसले.

हे आजच का लिहायला घेतलं, ते आता सांगते. आता दहाव्या वर्षी तिला दिवस राहिलेत. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज नुसता फुललेला. म्हणाली, "आई, अजून तिसरा लागायचाय, पण कामाचा ताण फार आहे. ऑफिसात मॅडमना केव्हा सांगू?" तुमच्या पाटीखाली दहा वर्षं हात धुतलेल्या बाईनं काय सांगायला हवं होतं? लगेच सांग, आजच सांग. मी विचारलं, "कशा आहेत मॅडम?" ती म्हणाली, "चांगल्या आहेत गं, फार जीव लावतात."

आणि मी विचारलं, "त्यांना मूलबाळ आहे का?"

मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "आई, दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मलाही नव्हतं." आणि तिनं फोन ठेवला.

काल जावयांचा फोन आला. ती अजून रागावलेली आहे. पण डॉक्टरांनी म्हटलंय म्हणून मॅडमना तिसरा पुरा झाल्यावरच सांगायचं त्यांचं ठरलंय. मी बरं म्हणाले आणि देवापुढं साखर ठेवली. हे पत्र मी कुठं टाकणार नाही, बाई, आणि तुमचा पत्ता नाही हे त्याचं कारण नाही. ती मॅडमना इतक्यात सांगणार नाही हे ऐकून मला खरोखर बरं वाटलं.